मामांची जीप किलोवर गेली, त्याबद्दल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त गॅस कटरचं तेवढं कापू नका.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पान ७ वर जाहीर लिलावाच्या नोटिसा होत्या, जवळजवळ अख्खं पान, कुणाचा वन बीएचके, कुणाचा टेम्पो, कुणाचं पोल्ट्रीचं शेड. आमच्या हिनं चष्मा लावून दोनचार वाचल्या आणि म्हणाली, "बिचारे, लिलाव निघाला हो घराचा." आपल्याकडं हा शब्दच असा आहे, लिलाव म्हणलं की दारात बँकेचा नाहीतर तहसीलचा माणूस उभाय आणि शेजारीपाजारी खिडकीतनं बघतायत असंच डोळ्यापुढं येतं, म्हणजे जप्ती, म्हणजे अब्रू गेली. या एका शब्दाच्या लाजेपायी माझ्या मामांची जीप आणि ट्रक भंगारात गेले. तेही मी आधी ओरडून सांगितलेलं असताना.

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षं मेकॅनिक होतो, आता रिटायर, सहकारनगरला राहतो, गुडघे गेलेत पण कान शाबूत आहेत, गाडी गल्लीत वळली की घरात बसून सांगतो टॅपेट वाजतंय का बेअरिंग.

मामांचं गाव दौंड तालुक्यात, केडगाव चौफुल्याच्या अंगाला, सगळा उसाचा आणि गुऱ्हाळांचा पट्टा. मामांकडं दोन गाड्या होत्या. एक १९६४ ची महिंद्राची जीप, सीजे थ्री बी, ती उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उंच का असतं हे आताच्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो, तिच्यात हरिकेन नावाचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिन उंचीला वाढलं आणि आधीच्या जीपच्या बॉनेटखाली मावेना, मग त्यांनी सरळ बॉनेटच वर उचललं. दिसायला जरा म्हशीच्या कपाळासारखं, पण आम्हाला तेच आवडायचं. पुढं पेट्रोल परवडेना म्हणून मामांनी ऐंशीच्या दशकात मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं, तेव्हा सगळेच करायचे, पण मूळचं हरिकेन विकलं नाही, ग्रीस फासून, पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवलं. "असू दे, खायला मागत नाही," म्हणायचे.

दुसरा ट्रक, १९६६ चा टाटा-मर्सिडीज, पुढं बॉनेट असलेला. टेल्कोचा (म्हणजे आताची टाटा मोटर्स) आणि जर्मनीच्या डाइमलर-बेन्झचा करार १९५४ ला झाला तो १५ वर्षांचा, १९६९ ला संपला, तोवरच्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा, नंतर तारा गेला आणि टाटाचं टी आलं. मामांच्या ट्रकवर तारा होता. मामी दर दसऱ्याला त्या ताऱ्यालाच हळदकुंकू लावायची, वर झेंडूचा हार. ट्रकनं गुळाच्या ढेपा पुण्याला आणल्या, आधी भवानी पेठेत, मग गुलटेकडीला. ७२ च्या दुष्काळात याच ट्रकनं मिलोची पोती वाहिली. माझ्या वयाच्या माणसाला मिलो काय ते सांगायला नको, अमेरिकेतनं आलेली ती लाल ज्वारी, भाकरी लालभडक आणि घशाखाली उतरायची नाही, पण तीच खाऊन जगलो. मी तेव्हा सातवी-आठवीत, पोत्यांवर बसून जायचो, उतरलो की चड्डीला तांबडा भुगा.

तर मामा गेले २०२२ च्या नोव्हेंबरात. तीन मामेभाऊ, दोन मामेबहिणी. वारस नोंद, सातबारा, फेरफार, बहिणींचं हक्कसोड व्हावं म्हणून त्यांना साडीचोळीची बोली, २००५ पासून कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा आहे हे एका जावयानं व्हॉट्सअॅपवर टाकलं आणि मग जे व्हायचं ते झालं, त्यात मी शिरत नाही. एवढंच सांगतो की बांधाच्या दीड फुटावरनं रात्री दोन वाजेपर्यंत बसणाऱ्या पाच भावंडांमधे पडवीतल्या दोन गाड्यांचा विषय एकदासुद्धा निघाला नाही. बाभळीखालचं लोखंड, बस.

आता जरा लांबचं सांगतो. २०२३ च्या मार्चमधे मी अमेरिकेत होतो, लेक नेब्रास्कात लिंकनला असते, नातू झाला म्हणून आम्ही दोघं गेलेलो. घरात बसून कंटाळलो हे बघून जावयाच्या ऑफिसातला एकजण मला एका शनिवारी त्याच्या मूळ गावाकडं घेऊन गेला, म्हणाला तुम्ही मेकॅनिक ना, तुम्हाला मजा येईल. शेतावरचा लिलाव होता. म्हातारा शेतकरी वारलेला, पोरं शहरात, शेती करायला कोणी नाही, म्हणून घरच्यांनी बाहेरचा लिलाववाला बोलावून शेतावरचं सगळं सामान विकायला काढलेलं. कर्ज नाही, बँक नाही, जप्ती नाही. तिकडं पेरणी सुरू व्हायच्या आधी या दिवसांत असे लिलाव फार असतात.

गेल्या गेल्या एका ट्रेलरमधे लायसन दाखवून नाव लिहायचं, मग एक नंबराचं कार्ड मिळतं. मी पण घेतलं, ५८ नंबर, अजून पाकिटात आहे. शेतात रांगाच रांगा, ट्रॅक्टर, नांगर, पेरणीयंत्रं, आणि अलीकडं गवताच्या चपट्या गाड्यांवर बादल्यांत भरलेले नटबोल्ट, पाने, साखळ्या, कंदील, कुलपं. एका बादलीला दोन डॉलर, पाच डॉलर. लिलाववाला एका पिकअपच्या मागच्या केबिनमधे बसलेला, वर भोंगा, ती पिकअप रांगेनं मुंगीच्या पावलानं सरकते आणि माणसं तिच्याबरोबर सरकतात. त्याचं बोलणं काय वेगात, मला एक अक्षर कळेना, आणि मग एकदम कळलं की हे तर आपल्या मार्केट यार्डातल्या अडत्यासारखंच आहे, कांद्याच्या वक्कलावर उभा राहून तो जसा भाव गात सुटतो तसंच. गर्दीत दोन पोरं उभी, कुणी मान हलवली की "यॅप" करून ओरडायची. चर्चच्या बायकांनी टेबल मांडून कॉफी आणि सफरचंदाचा पाय विकायला ठेवलेला (हो, पायच म्हणतात, हिला आल्यावर सांगितलं तर तिनं तोंड वाकडं केलं). आणि म्हाताऱ्याची बायको घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून, गुडघ्यावर रग घेऊन बसलेली, येणारा जाणारा तिला भेटून जात होता. मी मनात म्हणलं, हिच्या डोळ्यादेखत विकतायत, कसं वाटत असेल. पण ती हसत होती, कुठली वस्तू कुणी घेतली ते विचारत होती.

मग धान्याचा ट्रक आला. शेवरोलेचा सी सिक्स्टी, सत्तरच्या दशकातला, पाठीमागं उचलायचा हौदा. तिकडं असे ट्रक वर्षातनं सुगीच्या दोन महिन्यांतच चालतात, शेतातनं गावातल्या धान्याच्या कोठारापर्यंत, एरवी शेडमधे उभे, म्हणून पन्नास वर्षांत मीटरवर चाळीस हजार मैलसुद्धा नाहीत. लिलाववाल्यानं बोली सुरू करायच्या आधी ट्रक चालू करून दाखवला, बॅटरी नवीन टाकलेली होती, आणि भोंग्यावरनं सांगितलं की या ट्रकनं या घरचा मका आणि मिलो वाहिलाय.

मिलो! मी त्या माणसाला म्हणलं परत सांग काय म्हणाला तो. मिलोच. तिकडं अजून पिकवतात, जनावरांना घालतात. मी तिथं चिखलात उभा राहून त्याला ७२ सालचं सगळं सांगितलं, माझ्या इंग्रजीत, त्याला किती कळलं देव जाणे. ट्रक २,३०० डॉलरला गेला, शेजारच्याच शेतकऱ्यानं घेतला. फार नाही. मुद्दाम सांगतो, कारण नेटवर लोक वेगळंच वाचतात. त्याच नेब्रास्कात पिअर्स नावाच्या गावी २०१३ च्या सप्टेंबरात लॅम्ब्रेख्ट नावाच्या म्हाताऱ्या डीलरनं न विकता ठेवलेल्या सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव झालेला, गावाबाहेरच्या शेतात, त्यात फक्त १.३ मैल चाललेला १९५८ चा शेवरोले पिकअप १ लाख ४० हजार डॉलरला गेला. ती बातमी वाचून आपल्याकडं प्रत्येकाला आपली गंजकी फियाट सोनं वाटायला लागते. तसं नसतं. शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्या साध्या भावानं जातात, आणि झाडांच्या रांगेत पन्नास वर्षं पडलेला, सीटमधे उंदरांनी घर केलेला एक पिकअप तर मी ज्या भावाला जाताना बघितला त्यात पुण्यात धड सायकल येत नाही. कागद हरवलेला, साध्या विक्रीच्या चिठ्ठीवर दिला, जशी आहे तशी, जिथं आहे तिथं, उद्या येऊन रडायचं नाही.

मला त्या दिवशी आवडला तो भाव नव्हे, कारकून आवडला. पिकअपमधे लिलाववाल्याच्या शेजारी एक बाई बसलेली, ती प्रत्येक वस्तू, किती रुपयांना (डॉलरला), कुठल्या नंबरच्या कार्डाला, हे लिहीत होती. बादलीभर नटबोल्टसुद्धा. नंतर तो सगळा हिशोब, लिलाववाल्याचं कमिशन वजा करून, घरच्यांना मिळतो. चार पोरं असतील तर चौघांच्या हातात एकच कागद. दोनशे माणसांदेखत भाव निघालेला, कोण कुणाला म्हणणार की तू मधल्यामधे खाल्लेस?

आणि लाजेचं म्हणाल तर तिकडंही ती होतीच. १९३० च्या मंदीत नेब्रास्का, आयोवा या भागात बँका शेतं लिलावात काढायच्या तेव्हा शेजारचे शेतकरी जमून गाईला पाच सेंट, नांगराला दहा सेंट अशी बोली लावायचे, बाहेरच्या कुणी वर बोली केली तर त्याच्याकडं सगळे नुसते बघायचे, काही ठिकाणी धान्यकोठीला फास टांगून ठेवलेला असायचा म्हणे, समजणाऱ्याला इशारा, आणि मग विकत घेतलेलं सगळं मूळ मालकाला परत. ज्या मुलखात लिलावाचा एवढा राग होता तिथंच आज म्हातारा गेला की घरचे आपणहून लिलाववाल्याला फोन करतात.

मे महिन्यात परत आलो आणि पहिल्या रविवारी गावाला जाऊन तिघा भावांना हे सगळं सांगितलं. म्हणलं दोन गाड्या, जुना नांगर, गुऱ्हाळाचा चरखा, काहीली, हत्यारं, सगळं अंगणात मांडू, आजूबाजूच्या गावात निरोप देऊ, पुण्यातले दोनचार जीपवाले मी आणतो, उघड बोली लावू. थोरला माझ्याकडं बघतच राहिला. "दादा, बापाचा लिलाव काढायचा का आता? गाव काय म्हणेल, पोरं बुडाली?" धाकटा हसला. मधला म्हणाला बघू. आपल्याकडं बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

ऑगस्टात धाकट्याचा फोन आला, दादा भंगारवाला आलाय. मी हडपसरच्या ट्रॅफिकमधे अडकून पोचेपर्यंत जीप गेलेली होती. ट्रक होता, म्हणजे अर्धा होता. दोन पोरं गॅस कटर घेऊन बसलेली, एकानं चॅसीची पट्टी मधोमध कापत आणलेली, पावसात भिजलेल्या रंगाचा जळका वास आणि ठिणग्या. चॅसी कापायला नको रे, सबंध ने, म्हणलं तर तो म्हणाला, "काका, टेम्पोत बसत नाय ना सबंध." बरोबर आहे त्याचं, त्याचा काय दोष. हरिकेन इंजिन पोत्यासकट काट्यावर ठेवलेलं. किलोला २७ रुपये. ट्रकची पावती मी डोळ्यांनी बघितली, ३,९०० किलो, १,०५,३०० रुपये. जीप ९८० किलो भरली म्हणे, त्याचे २६,४६०. नाना पेठेत माझ्या ओळखीचा एक पार्टवाला आहे, त्याला नंतर नुसतं विचारलं, तर म्हणाला जीपचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अॅक्सल याचेच मी ४० हजार दिले असते, बाकी जीप तुमच्याकडंच ठेवा.

थोरल्यानं भावंडांना लाखभर आले असं सांगितलं. मधल्याला पावतीचं कळलं. आता वरच्या ३१,७६० रुपयांवरनं दोघं बोलत नाहीत, दिवाळीचा फराळसुद्धा वेगळा झाला. थोरला म्हणतो कापणीची मजुरी, टेम्पो, चहापाणी. असेलही. पण कुणाला दाखवायला कागद नाही. जुन्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, हत्ता म्हणतात त्याला, घेणाऱ्या-देणाऱ्यालाच भाव माहीत, बाकी सगळे आंधळे. शेतमालात याच्यावर शेतकरी किती ओरडला, आणि उघड लिलाव मागून घेतला. कांद्याला उघड लिलाव पाहिजे म्हणून रस्त्यावर बसणारे आम्ही लोक बापाची गाडी मात्र रुमालाखाली देतो.

आता कागदाचं, कारण खरं दुखणं तिथं सुरू होतं. गाडीचा मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. हा फॉर्म कुणी भरत नाही. सातबाऱ्याला वारस लावायला लोक तलाठ्याच्या दारात चपला झिजवतात पण गाडीचं आरसी पुस्तक ट्रंकेत तसंच. मग होतं काय, की गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर, त्यामुळं रीतसर विकता येत नाही, आणि २०२१ पासून जी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रं निघालीत, जिथं गाडी दिल्याचं सर्टिफिकेट मिळतं, तिथंही मालकीचा कागद लागतो. राहिलं कोण? जो कागद विचारत नाही तो. म्हणून भंगारवाला. लिलावातल्या गाडीसाठी फॉर्म ३२ म्हणून एक आहे, पण तो सरकारी लिलावापुरता, म्हणजे सरकारनं लिलाव केला तर त्याला कागदाची वाट आहे, घरच्यांनी अंगणात केला तर नेहमीचाच विक्रीचा फॉर्म, आणि त्याला आधी ३१ झालेला पाहिजे. आलं का परत तिथंच?

आणि व्हिंटेजचा नियम. २०२१ च्या जुलैत केंद्रानं तो आणला, ५० वर्षांवरच्या गाड्यांना नंबरात व्हीए अशी वेगळी अक्षरं मिळतात, नवीन नोंदणीला २० हजार फी, १० वर्षं मुदत, रोज चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. चांगला नियम आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण तो शहरातल्या हौशी माणसाच्या गॅरेजकडं बघून केलाय. चॅसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा अशी अट, आणि गावाकडची कुठली जीप आपल्या जन्माच्या इंजिनावर चाललीये सांगा. मामांच्या जीपला मूळ इंजिन तरी पोत्यात होतं. शिवाय नियम दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या चारचाकीचा, मालट्रक त्यात बसतच नाही. ज्या ट्रकांनी गूळ, कांदा, दुष्काळातलं धान्य वाहिलं त्यांना म्हातारपणी उभं राहायला कायद्यात जागाच ठेवलेली नाही, राजाच्या गाडीला आहे.

इथं कुणीतरी म्हणेल की आजोबा, या धूर ओकणाऱ्या गाड्या भंगारातच गेल्या पाहिजेत. मान्य आहे. मी ३१ वर्षं तो धूर खाल्लाय, माझा खोकला ऐका. मामांचा ट्रक रस्त्यावर आणायचं मी म्हणतच नव्हतो, कुणीतरी शेडमधे उभा करून ठेवला असता, नाहीतर स्टिअरिंग बॉक्स, डिफ्रन्शियल काढून चार गाड्या जगवल्या असत्या. भंगारवाल्यालाच दे म्हणा, पण चार माणसांच्या बोलीनंतर दे. कटर लावायला घाई कसली, साठ वर्षं थांबलेलं लोखंड आहे.

पुण्यात आपल्या दिनकर केळकरांनी गावोगावच्या जुन्या वाड्यांतनं दिवे, अडकित्ते, कंगवे, दौती, जे लोक उकिरड्यावर टाकायला निघाले होते ते गोळा केलं, मुलाच्या आठवणीनं त्याचं म्युझियम केलं आणि १९७५ ला सरकारला देऊन टाकलं. बाजीराव रोडला नातवाला घेऊन गेलो की मी दर वेळी तोच विचार करतो की अडकित्ता खिशात बसतो, ट्रक बसत नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, मी त्याच एसटीत आयुष्य काढलं, पण त्या पिढीच्या गाडीचा एक पत्रासुद्धा दापोडीत माझ्या हाताला लागला नाही. कापल्या असणार सगळ्या, आमच्यासारख्यांनीच, कामाच्या वेळेत. हेही लिहून टाकतो.

आता मागणं काय ते. बाजार समित्यांना ओटे आहेत, काटा आहे, पावतीपुस्तक आहे, बोली बोलणारी माणसं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी आठवडी बाजार सोडून बाकी दिवशी आवार मोकळं असतं. वर्षातनं एक दिवस, दिवाळी झाल्यावर, शेतावरच्या जुन्या गाड्यांचा, अवजारांचा उघड लिलाव तिथं लावा. आरटीओचा एक माणूस त्या दिवशी टेबल टाकून बसला, फॉर्म ३१ आणि विक्रीचा फॉर्म एकाच जागी घेतला, तर निम्मं काम झालं. थोरल्याला अंगणात लिलाव काढायची लाज वाटते ना, मग समितीच्या आवारात काढ, तिथं कांद्याची वाटत नाही तर जीपची कशाला वाटेल. आणि तुम्हाला मागणं असं की पान ७ वर जप्तीच्या नोटिसांच्या शेजारी एक छोटा कॉलम ठेवा, "घरचा लिलाव" नावाचा, शेतकऱ्याला परवडेल अशा दरात. लोकांना तो शब्द बँकेच्या नावाशिवाय छापलेला एकदा दिसू दे.

दर बुधवारी, रविवारी जमेल तसा जुन्या बाजारात जातो, कुंभारवेशीपाशी, तो तारा दिसतो का बघायला. कटरवाल्या पोरानं पिळून काढून खिशात घातला होता हे मी बघितलं आणि बोललो नाही, का बोललो नाही मलाच कळत नाही. तीनचार तारे मिळाले आतापर्यंत, सगळे अलीकडच्या मोटारींचे, प्लॅस्टिकचे. विकणारा मला ओळखायला लागलाय, लांबूनच हात हलवून नाही म्हणून सांगतो.

जीपचं आरसी पुस्तक माझ्याकडं आहे. धाकट्यानं आणून दिलं, म्हणाला तुम्हीच ठेवा. गाडी नष्ट झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते कुणी कळवलं नाही, चॅसी नंबरची पट्टी कुठं गेली ती भंगारवाल्यालाच ठाऊक. म्हणजे सरकारदरबारी १९६४ ची ती जीप अजून आहे, मामांच्या नावावर. पुढच्या आठवड्यात पुस्तक घेऊन आरटीओत जाणार आहे, तिथं खिडकीवर काय म्हणतात ते जमलं तर कळवीन.

आपला,
एक जुना मेकॅनिक
सहकारनगर, पुणे